दिवस क्रमांक १७६६०

"मग इतकी वर्षं हा पासवर्ड होता कशाला?"

भाचीने हे अगदी सहज विचारलं. त्यात तिरकसपणा नव्हता, चिडवणंही नव्हतं. कानातला एक इअरफोन काढून, समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत तिने विचारलं आणि इअरफोन परत कानात घातला. मी मात्र तोपर्यंत मनातल्या मनात बरीच शेफारले होते. माझ्याच कॉम्प्युटरचा, मीच विसरलेला पासवर्ड मी अर्ध्या तासाच्या आत बाजूला सारला होता, तोही कुठलं सॉफ्टवेअर न आणता, नुसत्या कीबोर्डवर. मावशीला असलंही काही येतं, असा एखादा उद्गार निघेल या आशेवर मी होते. निघाला तो हा प्रश्न. "सांगते नंतर," म्हणून मी वेळ मारून नेली. त्याला आता तीन आठवडे झाले. ती तो प्रश्न केव्हाच विसरली असेल. माझ्या मागे मात्र तो लागलाय.

झालं होतं असं, की बरेच दिवस पडून असलेला स्कॅनर पुन्हा वापरात आणायचा होता आणि तो फक्त या टेबलाखालच्या जुन्या डेस्कटॉपशीच जुळवून घेईल अशी माझी समजूत होती. डेस्कटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं, मालकाच्या हक्काने आज्ञा देता यावी म्हणून पुढे सूडो हा शब्द लावून आज्ञा दिली आणि त्याने पासवर्ड मागितला. तिथे पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत, कर्सरसुद्धा जागचा हलत नाही. पहिल्यांदा लिनक्स वापरणाऱ्याला वाटतं कीबोर्ड बंद पडला. मी पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. दोनेक सेकंद शांतता. ही शांतता मुद्दाम ठेवलेली असते, कुणी धडाधड अंदाज मारत सुटू नये म्हणून. पण चुकणाऱ्याला त्या दोन सेकंदांत भलत्याच आशा लागतात, की आता उघडेल. मग 'सॉरी, ट्राय अगेन'. दुसरा टाकला. पुन्हा तीच शांतता, पुन्हा सॉरी. तिसऱ्यांदा कॅप्स लॉक बघितला, कीबोर्डची भाषा मराठीवर तर राहिली नाही ना ते बघितलं, एकेक अक्षर सावकाश टाकलं. तीन चुकीचे प्रयत्न झाले, असं कोरडेपणाने सांगून सूडो निघून गेला.

कॉम्प्युटर मात्र चालू होता. माझ्या फायली समोर होत्या, भिंतीवरचं चित्र मीच लावलेलं होतं. सगळं वापरता येत होतं, बदलता काही येत नव्हतं.

विसरले कशी, याचं उत्तर तसं लाजिरवाणं आहे. सुरुवातीचे काही महिने मी रोज पासवर्ड टाकत होते. मग एक दिवस कंटाळून 'ऑटोमॅटिक लॉगिन'चं बटण सरकवलं. घरात एकटी वापरणारी मी, कशाला रोज ती कटकट? तेव्हापासून बटण दाबलं की कॉम्प्युटर थेट आत न्यायचा. सुरक्षेच्या दुरुस्त्या तो आपल्या आपण घ्यायचा. नवीन काही घालायची वेळ आलीच नाही. उबुंटूच्या त्या आवृत्तीची पाच वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली, तेव्हाही मी काही केलं नाही. चालतंय ना, चालू दे. जी गोष्ट कुणी विचारतच नाही ती लक्षात तरी कशाला राहील? माणसांची नावंसुद्धा अशीच जातात. रोज भेटणाऱ्याला आपण नावाने हाक मारत नाही, आणि एक दिवस कुणाशी ओळख करून द्यायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते.

अंदाज मारायला बसले तर माझ्या पासवर्डांचं एक खानदानच निघालं. एक मूळपुरुष, जो मी कॉलेजात असताना बेतला होता. मग त्याची पोरं, शेवटी एकेक आकडा लावलेली. मग नातवंडं, ज्यांच्यात 'ए'च्या जागी चिमणीच्या घरट्यासारखं ते ॲटचं चिन्ह आलं. ही पुढची पिढी जन्माला आली ती नोकरीत. तिथे दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती होती आणि तो मोठं अक्षर, छोटं अक्षर, आकडा आणि एक चिन्ह असा चौरंगी असावा लागे. आम्ही सगळे तेच करायचो जे जगभर लोकांनी केलं. शेवटचा आकडा एकने वाढवायचा. अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००३ च्या पुस्तिकेतून असले नियम सगळीकडे पसरले. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो असं सांगितलं, आणि त्याच वर्षी निस्टनेही ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं लिहिलं. वाचून मला त्यांचा राग आला नाही. एका माणसाने कामाचा भाग म्हणून काही लिहावं आणि त्यापायी कोट्यवधी लोकांनी चौदा वर्षं आकडे वाढवत बसावं, यात त्या माणसाचीही काहीतरी कीव येण्यासारखं आहे.

खानदानातले सगळे एकेक करून दारात उभे केले. एकालाही आत घेतलं नाही.

त्याच नोकरीत एक सर होते, सर्व्हरच्या खोलीचे. त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट होतं आणि कपाटात जाड तपकिरी लिफाफा, तोंडावर सही आणि सहीवरून चिकटपट्टी. आत सगळ्या मशिनींचे रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, पासवर्ड. सर आजारी पडले, बदली झाली, काहीही झालं तरी काम अडू नये म्हणून. एकदा ते रजेवर असताना खरंच अडलं. दोन वरिष्ठांच्या सह्या घेऊन, जवळजवळ पंचनामा करून लिफाफा फोडला, तर आतला कागद दीड वर्षापूर्वीचा. मशीन तीच, पासवर्ड मधे सहा वेळा बदललेला. सरांना फोन लावला. ते पलीकडून हसले आणि म्हणाले, लिफाफा राहू द्या, मशीनसमोर जाऊन बसा, मी सांगतो तसं करा. त्यांनी तेव्हा फोनवर जे सांगितलं ते मी पाठीमागे उभी राहून ऐकलं होतं. सर जुने. लिलो नावाचा बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम, होता त्या काळापासूनचे. तेव्हा सुरुवातीलाच 'लिनक्स सिंगल' एवढे दोन शब्द टाकले की काम व्हायचं, असं ते एखाद्या जुन्या, स्वस्त जमान्याबद्दल बोलावं तसं सांगायचे. "मशीन ज्याच्या हातात, मशीन त्याची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला तेव्हा ती बढाई वाटली होती.

तर आता मशीन माझ्या हातात होती. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. सुरू होताना ग्रब नावाचा बूटलोडर क्षणभर येतो आणि लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, उठवून निघून जातो. एकच प्रणाली असली तर उबुंटू त्याचा मेन्यू दाखवतच नाही. जुन्या बायोसच्या मशीनवर त्या क्षणी शिफ्ट दाबून धरायचं असतं, नव्या यूईएफआयवर एस्केप मारायचं असतं. मी घाबरून एस्केप पाच-सहा वेळा मारलं, तर मेन्यूच्याही मागे जाऊन नुसत्या 'ग्रब' अशा एका शब्दावर येऊन पडले. तिथे काय करायचं ते मला येत नाही. बंद केला, पुन्हा सुरू केला, या वेळी मोजून एकदाच. मेन्यू आला. पहिल्या ओळीवर 'ई' दाबलं. आता समोर जी पाच-पंचवीस ओळींची संहिता येते ती बघून छातीत धस्स होतं, पण त्यातली कामाची ओळ एकच. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी, जिच्या शेवटी 'आरओ क्वायट स्प्लॅश' असं असतं. क्वायट म्हणजे सुरू होताना बडबड करू नकोस, स्प्लॅश म्हणजे वर सुंदर चित्र दाखव. त्या ओळीच्या शेवटी मी जोडलं: इनिट, बरोबरचं चिन्ह आणि बॅशचा पत्ता. म्हणजे कर्नेलला सांगितलं, की उठल्यावर नेहमीच्या कारभाऱ्याला हाक मारू नकोस, थेट बॅशला, म्हणजे आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रामला, माझ्यापुढे आणून उभा कर. पासवर्ड विचारणं हे त्या कारभाऱ्याचं आणि त्याच्या माणसांचं काम. कारभारीच आला नाही, तर विचारणार कोण? कंट्रोल-एक्स दाबलं. पांढऱ्या अक्षरांचा एक लोंढा सरसर वर गेला आणि थांबला.

रूट, मग ॲटचं चिन्ह, मग कंसात 'नन'.

ही ओळ मी आधी सरांच्या त्या प्रसंगातही बघितली होती, पण तेव्हा तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. ॲटच्या आधी वापरणाऱ्याचं नाव असतं, नंतर मशीनचं. मशीनला तिचं नाव सांगणाराही तो कारभारीच असतो. तो नसल्यामुळे मशीनला या क्षणी स्वतःचं नाव माहीत नाही. म्हणून 'नन'. कोणी नाही. आणि ही कोणी नसलेली मशीन मला, कसलीही चौकशी न करता, रूट म्हणते, सगळ्याची मालकीण. इतक्या फायली, इतकी वर्षं, आणि दोघींच्याही ओळखी उतरवून ठेवल्यावर मगच आम्ही एकमेकींशी नीट बोलू शकलो. पंख्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. भाची माझ्या एस्केपच्या गोंधळापासूनच खुर्ची ओढून शेजारी येऊन बसलेली होती.

आता लगेच पासवर्ड बदलायचा आणि मोकळं व्हायचं, हे शहाणपणाचं. पण एवढं आत आलेच आहे तर, म्हणून मी पासवर्डांची नोंद ठेवणारी शॅडो नावाची फाइल उघडून बघितली. एरवी ती साध्या वापरकर्त्याला वाचताच येत नाही. दर वापरकर्त्याची एक ओळ, मधे विसर्गासारखे ठिपके. सगळ्यात वर रूटची ओळ, आणि जिथे पासवर्डची जागा तिथे नुसतं एक उद्गारचिन्ह.

"याला पासवर्डच नाहीये," भाची म्हणाली. "म्हणजे कुणीही जाऊ शकतं?"

"नाही. म्हणजे कुणीच जाऊ शकत नाही. काहीही टाकलं तरी ते त्या चिन्हाशी जुळणार नाही."

"पण तू तर गेलीस."

पुढे काय बोलणार? बरंच खाली माझं नाव होतं. नावापुढे डॉलर, सहा, डॉलर, मग थोडी अक्षरं, परत डॉलर आणि मग शहाऐंशी अक्षरांचा एक अगम्य लोंबता दोर. हा माझा पासवर्ड? नव्हे. हा पासवर्ड दळून, पुन्हा पुन्हा दळून उरलेला चुरा. सहाचा आकडा सांगतो की दळायला शा-५१२ नावाची रीत वापरलीय, वेगळं सांगितलं नसेल तर पाच हजार वेळा. मधली थोडी अक्षरं म्हणजे 'सॉल्ट', दोन माणसांचा पासवर्ड चुकून एकच निघाला तरी चुरा वेगळा दिसावा म्हणून मिसळलेलं. चुऱ्यावरून मूळ शब्द बनवता येत नाही. आपण पासवर्ड टाकतो तेव्हा मशीन तोही तसाच दळते आणि दोन चुरे शेजारी ठेवून बघते. म्हणजे इतका वेळ मी डोकं आपटत होते आणि मनातून या मशीनवर चिडत होते, की तुला माहितीये आणि सांगत नाहीस. तिलाही माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

चुऱ्यानंतर एक आकडा होता. १७६६०. त्यानंतर शून्य, ९९९९९, सात.

पासवर्ड विसरलेल्या माणसाने या आकड्यांकडे बघावं असं मी सुचवीन. सात म्हणजे मुदत संपायच्या किती दिवस आधी सांगायचं. ९९९९९ ही ती मुदत, दिवसांत. जवळजवळ पावणेतीनशे वर्षं हा पासवर्ड तू ठेवू शकतेस, असं मशीनने उदारपणे लिहून ठेवलं होतं. आणि १७६६० म्हणजे हा पासवर्ड ठेवला तो दिवस, १ जानेवारी १९७० पासून मोजलेला. लिनक्स ज्याच्या वळणावर गेला त्या युनिक्सचा काळ तिथूनच सुरू होतो. मी तो आकडा हाताशी असलेल्या स्कॅनरच्या माहितीपत्रकावर पेन्सिलने टिपून ठेवला. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

पासवर्ड बदलायची आज्ञा दिली. तिचं नाव पासवर्ड या शब्दातली मधली अक्षरं गाळून केलंय. युनिक्सवाल्यांनी शब्द छाटताना कधी हात आखडता घेतला नाही. पुढे माझं नाव टाकलं, ते विसरलं तर रूटचा बदलतो. नवा पासवर्ड टाकला, पुन्हा टाकला. उत्तर आलं, 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर'. वाचून वाटतं आता पोलीस येतील. अर्थ एवढाच, की डिस्कवर लिहिता येत नाहीये. ते ओळीतलं 'आरओ' मी तसंच ठेवलं होतं, म्हणजे फक्त वाच. मग माउंटची आज्ञा देऊन डिस्क लिहिण्यासाठी पुन्हा जोडली, पुन्हा तेच सगळं, आणि या वेळी पासवर्ड बदलला. सिंक केलं, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर पक्कं केलं. आणि मग सवयीने 'एक्झिट' लिहिलं. पडदाभर अक्षरं ओतली गेली, त्यात वरच्या बाजूला कर्नेल पॅनिक. इनिटला, म्हणजे त्या कारभाऱ्याला, मारायचा प्रयत्न झाला, अशी तक्रार. बॅशला मीच कारभारी करून बसवलं होतं, आणि कारभारी उठून गेला की लिनक्स जगत नाही. भाचीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं काही नाही, असंच असतं. बटण दाबून धरलं, बंद केला, सुरू केला. नव्या पासवर्डने सूडो निमूट चालला.

तेव्हा तिने तो प्रश्न विचारला.

त्यानंतर मी उत्तरं जमवत राहिले, कधीतरी तिला सांगायची म्हणून. पहिलं आठवलं ते फर्नांडो कॉर्बाटो यांचं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली, जिच्यावर अनेक माणसं एकाच वेळी आपापल्या टर्मिनलवरून एकच अवाढव्य कॉम्प्युटर वापरायची. कॉम्प्युटर एक, माणसं अनेक, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या. म्हणून पासवर्ड. तो यंत्राला चोरापासून वाचवायला नव्हता. यंत्र खोलीभर होतं, ते कोण उचलून नेणार? शेजारच्याने शेजारच्याच्या कागदांत डोकावू नये, एवढ्यासाठी होता. आणि तो तेव्हाही फुटलाच. एकदा प्रणालीच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसायला लागली. ही गोष्ट खुद्द कॉर्बाटोंनीच १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाल्यावर व्याख्यानात सांगितली. पुरस्काराच्या व्याख्यानात आपली फजिती सांगणारा माणूस मला आवडतो.

यादी बघता येते म्हणून यादीच ठेवायची नाही, फक्त चुरा ठेवायचा, हे युनिक्सने लवकर केलं. युनिक्सवर काम करणारे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा त्यावरचा १९७९ चा लेख अजून वाचनीय आहे. याच थॉम्पसन यांच्या पासवर्डचा चुरा बीएसडी युनिक्सच्या एका जुन्या संग्रहात राहून गेला होता. बाकीच्या बऱ्याच जणांचे फुटले, त्यांचा फुटेना. २०१९ मध्ये एका हौशी माणसाने ग्राफिक्स कार्ड चार दिवसांहून जास्त राबवून तो काढला. आठ अक्षरं, बुद्धिबळातली पहिली चाल, जुन्या पद्धतीने लिहिलेली: वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. आणि शेवटी उद्गारचिन्ह, चांगल्या चालीला देतात तसं. एका माणसाने चाळीस वर्षांपूर्वी एकट्याने, पडद्यावर काही न उमटवता, रोज टाकलेली ती चाल. हे वाचताना मला कुणाची तरी वही उघडल्यासारखं झालं. थॉम्पसन यांनी अभिनंदन केलं म्हणे, एका शब्दात.

पण हे सगळं सांगूनही भाचीचा प्रश्न जागेवरच राहतो. समोर बसलेल्याला जर आत येताच येतं, तर समोर बसलेल्याला पासवर्ड विचारायचा कशाला? ग्रबलाही पासवर्ड लावता येतो, असं कुणी म्हणेल. लावता येतो. २०१५ च्या डिसेंबरात उघड झालं होतं, की त्या पासवर्डआधी वापरकर्त्याचं नाव विचारलं जातं तिथे बॅकस्पेस अठ्ठावीस वेळा दाबलं की ग्रब गोंधळून आत सोडतो. ती चूक दुरुस्त झाली. पण कुठेतरी कुणीतरी अठ्ठावीस वेळा मोजून बॅकस्पेस दाबलं असणार, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. आणि तेही नसलं तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की झालं. सरांचं वाक्य.

खरं कुलूप वेगळंच असतं, आणि ते मला त्याच संध्याकाळी भेटलं. ब्राउझर उघडला तर एक चौकट आली. लॉगिनचा पासवर्ड आता कीरिंगच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या पेटीच्या, पासवर्डशी जुळत नाही, जुना टाका. ही चौकट माझ्या चांगल्या ओळखीची होती. ऑटोमॅटिक लॉगिन लावल्यापासून ती मजकूर थोडा बदलून अधूनमधून यायचीच, आणि मी तिला न वाचता 'रद्द करा' म्हणायचे. इतकी वर्षं ती मशीन मला तोच पासवर्ड विचारत होती, जो विसरले म्हणून मी हळहळत होते. मी दर वेळी तिला हाकलून लावलं होतं.

कीरिंगमध्ये त्या काळी साठवलेली काही गुपितं आहेत, जुने मेल, जुनी खाती, काय ते आता नेमकं आठवत नाही. इथे रूट असून उपयोग नाही. पासवर्डाची चौकशी करणारा कुणी कारभारी इथे नाहीच, की ज्याला बाजूला सारावं. आतला मजकूरच त्या पासवर्डाने गुंतवून टाकलाय, म्हणजे एन्क्रिप्ट केलाय. सगळी डिस्क अशी गुंतवून ठेवलेली असती, लिनक्सवर लक्स नावाच्या सोयीने ठेवतात तशी, तर ग्रबच्या ओळीत मी काहीही लिहून उपयोग नव्हता. नाव नसलेली मशीन उठली असती आणि तिच्यापुढे वाचायला काहीच नसतं. कीरिंगची ती काही किलोबाइटची फाइल मी बघितली. हलवता येते, पुसता येते, नाव बदलता येतं. उघडता येत नाही. मशीनची मालकीण मी, आणि माझ्याच फाइलपुढे परकी. फार वाईट वाटलं असं म्हणवत नाही. थोडं बरंही वाटलं, की एक तरी गोष्ट अशी आहे जी माझ्या हुशारीला भीक घालत नाही.

माहितीपत्रकावरचा आकडा रात्री उलगडून बघितला. १७६६० म्हणजे ९ मे २०१८, बुधवार. त्या दिवशी काय होतं? डायरी मी लिहीत नाही. मग घरच्या फोल्डरमध्ये फायली तारखेप्रमाणे लावल्या आणि तळाशी गेले. सगळ्यात जुनी फाइल त्याच संध्याकाळची, नाव 'टेस्ट'. आत दोन ओळी. पहिलीत 'हे नीट दिसतंय का'. दुसरीत क्ष, ज्ञ, द्ध, र्‍या, ह्म, एकापुढे एक, जोडाक्षरं तुटतात का ते बघायला. आणि ती फाइल उघडल्याबरोबर मला ती संध्याकाळ आठवली. नोकरी सोडून आठवडा झाला होता. खोक्यातून काढलेल्या मशीनला नव्या प्लॅस्टिकचा वास होता. खोकं मी टाकलं नव्हतं, त्याच्यावरच कीबोर्ड ठेवून टाइप करत होते, कारण टेबल यायचं होतं. द्ध नीट आला तेव्हा मी एकटीच मोठ्याने 'वा' म्हणाले होते. आता इथे आपल्या मनाने, आपल्या वेळेला लिहायचं, नव्वद दिवसांनी आकडा वाढवायला सांगणारं कुणी नाही, असं काहीतरी मनात होतं. तेव्हा पासवर्ड नक्कीच त्या जुन्या खानदानातला ठेवला नसणार. काहीतरी अगदी नवं, त्या दिवसाचं असणार. वास आठवतो, खोकं आठवतं, द्ध आठवतो. तो शब्द नाही.

कीरिंगची फाइल पुसली नाही. नाव बदलून तिला १७६६० म्हटलं आणि बाजूला ठेवली. मशीनने आपल्यासाठी नवी, रिकामी कीरिंग करून घेतली.

भाचीला यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवलं की एक गोष्ट आड येते. त्या दुपारी ती शेजारी बसून सगळं बघत होती. ग्रब, रूट, शॅडो, माझ्या पासवर्डचा चुरा, ती फजिती, सगळं तिने डोळ्यांनी टिपलं. उद्या तिला हेच करायला सांगितलं तर ती माझ्यापेक्षा लवकर करील, एस्केपही एकदाच मारील. पण डिस्क पुन्हा जोडून झाल्यावर मी नवा पासवर्ड टाकायला हात उचलला, तेव्हा तिने न सांगता मान खिडकीकडे फिरवली होती. दोन्ही वेळा टाकून होईपर्यंत तिकडेच बघत राहिली. पडद्यावर तर काही उमटणारच नव्हतं.